शाळेची तक्रारपेटी: कोणती घ्यावी, कुठे लावावी आणि चिठ्ठी निघाली की काय करावं

नागपुरात शाळेसाठी तक्रारपेटी घ्यायला निघालं की तीन प्रकार समोर येतात. सीताबर्डीच्या स्टेशनरी दुकानांतली ॲक्रिलिकची, इतवारीत लोहाओळीकडे किंवा जवळच्या फॅब्रिकेशनवाल्याकडून बनवून घ्यायची पत्र्याची, आणि सुताराकडची प्लायची. तिन्हींवर 'सूचना व तक्रार' हे शब्द सुबक रंगवून मिळतात. बँकेत किंवा हॉटेलात यातली कोणतीही चालेल. शाळेतल्या पेटीत मात्र एखाद्या दिवशी नववीतल्या मुलीची अशी चिठ्ठी पडणार असते: 'तो पोट्टा रोज सायकल स्टँडवर वाट अडवते, बोलली नाही तर फोटो टाकीन म्हणते.' म्हणून पेटीकडे या चिठ्ठीच्या नजरेनं पाहायला हवं. ती टाकताना कुणाला दिसेल का, टाकल्यावर कुणी बाहेर काढू शकेल का, आणि उघडल्यावर काय होईल? दिसणं, किंमत, रंग या गोष्टी त्यानंतरच्या.

ॲक्रिलिकची पेटी घेऊ नका. आरपार पेटीत चिठ्ठीचा कागद दिसतो, घडी नीट नसली तर अक्षर दिसतं, आणि एरवी रिकाम्या पेटीत आज एक चिठ्ठी आहे हे मधल्या सुट्टीत सगळ्या वर्गाला कळतं. मग 'कोणी टाकली' याचा शोध सुरू होतो. दुधी ॲक्रिलिकमध्येही काचेला टेकलेला कागद ओळखू येतो. शिवाय या पेट्यांचे सांधे डिंकाचे असतात. उन्हाच्या भिंतीवर नागपूरचे एप्रिल-मे काढले की ते सुटतात, आणि झाकण बोटानं उचललं जातं.

प्लायची पेटी आत, व्हरांड्याच्या कोरड्या भिंतीवर ठीक असते. पावसाळ्यात प्लाय फुगतं, झाकण अडकतं, आणि अडकलेलं झाकण उघडायच्या कंटाळ्यानं पेटी महिनाभर तशीच राहते. बिजागरीचे स्क्रू बाहेरून असतील तर कुलूप निव्वळ शोभेचं ठरतं. दोन रुपयांचं नाणं स्क्रूच्या खाचेत बसतं.

घ्यायची ती पत्र्याची, पावडर कोटिंग केलेली. पत्रा वीस गेजचा, म्हणजे साधारण एक मिलिमीटर जाडीचा असला तर दाबून वाकत नाही. बारा इंच उंच, नऊ इंच रुंद आणि सहा इंच खोल एवढं माप पुरतं. फट सहा इंच लांब आणि जेमतेम अर्धा इंच रुंद असावी. फटीच्या आत उतरत्या पत्र्याची जीभ हवीच. ऑर्डर देताना हे तोंडी सांगून भागत नाही, कागदावर आकृती काढून द्या. नाहीतर सरळ फट कापून मिळते. पेटी ताब्यात घेण्याआधी दुकानातच एक चाचणी करा: आत घडी घातलेला कागद टाका, तीस सेंटीमीटरच्या पट्टीच्या टोकाला दुहेरी चिकटपट्टी लावा आणि फटीतून तो बाहेर काढायचा प्रयत्न करा. निघाला, तर सातवीतल्या मुलालाही काढता येईल.

दुकानदार सहसा पेटीत बसवलेलं लहान कॅमलॉक देतो. या स्वस्त कुलपांत किल्ल्यांचे नमुने थोडेच असतात, त्यामुळे स्टाफरूममधल्या एखाद्या कपाटाची किल्ली पेटीलाही लागून जाते. त्याऐवजी दोन कोयंडे बसवून घ्या आणि दोन वेगवेगळी टाळी लावा. एक किल्ली मुख्याध्यापकांकडे, दुसरी शाळेच्या सखी सावित्री समितीतल्या (विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेसाठी प्रत्येक शाळेत असायची ती समिती) एका महिला सदस्याकडे. शक्यतो ती पालक प्रतिनिधी असावी, शाळेच्या पगारावर नसलेली. तक्रार शिक्षकाविरुद्ध किंवा संस्थेतल्या वजनदार माणसाच्या मुलाविरुद्ध असली की एकट्याच्या हातातली किल्ली काय करते, हे सांगायला नको. पेटी भिंतीला आतून स्क्रू मारून बसवायची, म्हणजे ती आख्खीच्या आख्खी उचलून नेता येणार नाही.

जागेच्या बाबतीत बहुतेक शाळा चुकतात. पेटी मुख्याध्यापकांच्या केबिनबाहेर लागते, कारण तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांना ती तिथे पटकन दिसते. मुलांना तिथे जाण्याचं दुसरं कारण नसतं, म्हणून जो जातो तो नजरेत येतो. बदलापूरच्या घटनेनंतर राज्य शासनाने २१ ऑगस्ट २०२४ रोजी शाळांच्या सुरक्षेबाबत जो शासननिर्णय काढला, त्यात सीसीटीव्ही आणि तक्रारपेटी दोन्हींवर भर आहे. काही ठिकाणी या दोन्हींचा मेळ असा घातला जातो की कॅमेरा नेमका पेटीवर रोखलेला असतो. त्यानं पेटी सुरक्षित होते आणि निरुपयोगीही होते, कारण टाकणाऱ्याचा चेहरा नोंदला जातो. वॉटर कूलरजवळ, ग्रंथालयाच्या दाराशी, जिन्याच्या वळणावर, म्हणजे जिथे सगळे रोज दुसऱ्याच कामासाठी थांबतात, तिथे पेटी हवी. कॅमेरा व्हरांड्याची दोन्ही टोकं पाहू दे, पेटीची फट नको. उंची जमिनीपासून साडेतीन फूट ठेवली तर पाचवीतल्या मुलाचाही हात पोचतो. आमच्या मते एक पेटी पुरत नाही. दुसरी मुलींच्या स्वच्छतागृहाकडे जाणाऱ्या बाजूला असावी. मुलगेही तक्रार करतात, त्यांनाही अशीच छेड आणि धमकी सोसावी लागते, म्हणून पहिली पेटी सगळ्यांच्या वाटेवरच राहू द्या.

कागद पेटीइतकाच महत्त्वाचा. वहीचं पान फाडलं की फाडणारा दिसतो आणि पानावरून वहीही ओळखू येते. कोणत्याही छापखान्यात पावतीपुस्तक छापतात तशी चिठ्ठी छापून घ्या: मधोमध छिद्रांची रेघ आणि दोन्ही बाजूंना तोच क्रमांक. वरचा भाग भरून पेटीत, खालचा तुकडा मुलाच्या खिशात. उत्तर फलकावर क्रमांकाने लावायचं: '१४७: वाचलं. आजपासून सुट्टीनंतर सायकल स्टँडवर शिक्षिका असतील. आणखी सांगायचं असेल तर याच क्रमांकाने लिहा.' नाव न सांगता संवाद चालू राहतो. गठ्ठे ग्रंथालयात, प्रयोगशाळेत, स्वच्छतागृहाच्या बाहेर मोकळे ठेवायचे. वर्गात मोजून वाटले तर कोणता क्रमांक कुणाकडे गेला ते कळतं. छापील प्रश्न चारच असावेत: काय झालं, कुठे, कधी, पुन्हा होईल अशी भीती वाटते का. 'तुझं नाव' ही ओळ ठेवूच नका. आणि भाषेची अट नको. नागपूरची मुलं हिंदी, मराठी, इंग्रजी अक्षरांतली हिंदी असं सगळं मिसळून लिहितात. 'तेरेको देख लूंगा' ही धमकी मराठीत आणून लिहिली की तिची धार जाते.

आता उघडण्याचं. आठवड्यातून एकदा, शनिवारी, ही सर्वसाधारण पद्धत धमकीच्या बाबतीत उपयोगाची नाही. सोमवारी 'मंगळवारी ट्यूशनच्या रस्त्यावर बघून घेतो' असं मिळालेल्या मुलीची चिठ्ठी शनिवारी वाचून काय साधणार? रोज, मधल्या सुट्टीनंतर, दोन्ही किल्लीवाल्यांनी किंवा त्यांनी लेखी नेमलेल्या पर्यायी माणसांनी पेटी उघडावी. पाच मिनिटं लागतात. नोंदवहीत तारीख, वेळ, क्रमांक, कुणी उघडली, आणि चिठ्ठी नसेल तर 'निरंक'. मूळ चिठ्ठी लिफाफ्यात बंद करून त्यावर सह्या. चिठ्ठी स्टाफरूममध्ये वाचून दाखवायची नाही, तिचा फोटो काढून शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचा नाही.

यानंतर सर्वांत जास्त नुकसान करणारी चूक होते: अक्षर कुणाचं, याची तपासणी. वह्या मागवल्या जातात, वर्गाला एक परिच्छेद लिहायला लावतात. हेतू त्या मुलीला मदत करण्याचा असला तरी परिणाम एकच होतो. त्या वर्षी त्या पेटीत पुन्हा चिठ्ठी येत नाही, आणि शाळा समजते की आपल्याकडे सगळं ठीक आहे.

चिठ्ठ्यांचे ढीग दोनच: आजचं आणि या आठवड्याचं. स्पर्श, वाट अडवणं, पाठलाग, फोटो, मारण्याची, ॲसिडची किंवा बलात्काराची धमकी, आणि कुणी स्वतःला इजा करण्याबद्दल लिहिलं असेल तर ते सगळं आजचं. मुलींना गुण देणारी यादी, 'माल', 'आयटम' असले शब्द, बाकावर लिहिलेली घाण, मुलीच्या उंचीवरून किंवा छातीवरून केलेले विनोद या आठवड्याचं. दुसऱ्या ढिगाला हलकं समजू नका. यादी बनवणाऱ्यांना कुणी अडवलं नाही की पुढची पायरी वाट अडवण्याची असते, आणि पाहणारे तीस जण हे चालतं असं शिकून घरी जातात.

दुसऱ्या ढिगाचं उत्तर वर्गातच, त्याच वेळी, थोडक्यात द्यावं लागतं. 'हा शब्द या वर्गात चालणार नाही. सुट्टीनंतर मला भेट.' एवढं बोलून शिकवणं पुढे सुरू. सगळ्यांसमोर त्या मुलीला 'तुला वाईट वाटलं का गं?' असं विचारू नका. ती नाहीच म्हणणार. 'तुला आई-बहीण नाही का?' हे आपल्याकडचं हुकमी वाक्य आहे, आणि ते उलटं शिकवतं: नात्यातली असेल तर मान द्यायचा, बाकीच्या मोकळ्या. मुलीला त्या मुलाच्या हातावर राखी बांधायला लावणं हा तर तिच्यावर केलेला दुसरा अन्याय. ज्याची भीती वाटते त्याचा हात धरायला आपण तिला भाग पाडतो, वर त्याला 'भाऊ' म्हणायला लावतो. हे कुठल्याही शाळेत होऊ नये. सुट्टीनंतर त्या मुलाशी एकट्यानं बोलताना प्रश्न नेमके ठेवा: काय म्हणालास, कुणासमोर म्हणालास, तिनं त्यानंतर काय केलं, उद्या काय वेगळं करशील. व्याख्यान देऊ नका. त्याचं उत्तर त्याच्याच शब्दांत लिहून तारीख टाका, दोन आठवड्यांनी पुन्हा बोलवा.

पहिल्या ढिगातल्या मुलीनं नाव सांगितलं असेल, तर तिच्याशी एकाच माणसानं आणि एकदाच सविस्तर बोलावं. ज्या शिक्षिकेवर तिचा विश्वास आहे ती उत्तम, मग ती चित्रकलेची का असेना. खोली अशी की काचेतून दिसेल पण ऐकू जाणार नाही. सुरुवात 'काय झालं ते तुझ्या शब्दांत सांग, मी मध्ये बोलणार नाही' अशी. 'तू त्याला रिप्लाय का दिलास', 'आधी का नाही सांगितलंस' हे प्रश्न विचारायचे नाहीत. 'कुणाला सांगणार नाही' असं वचनही देऊ नका, कारण ते पाळता येणार नाही. कुणाला, काय आणि का सांगावं लागेल ते तिला आधीच सांगा. तिचे शब्द जसेच्या तसे लिहा. मग समितीपुढे, संचालकांपुढे, वर्गशिक्षिकेपुढे तेच पुन्हा वदवून घेऊ नका. लिहिलेला कागद पुरतो.

सखी सावित्री समिती मार्च २०२२ च्या शासननिर्णयाने आली. ती उपयोगी आहे, पण तिच्या मर्यादा समजून घ्यायला हव्यात: ती न्यायालय नाही आणि तडजोड घडवणारी पंचायतही नाही. पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा कायदा, २०१२, याच्या कलम ११ मध्ये लैंगिक हेतूने केलेले शब्द, हावभाव, सतत पाठलाग किंवा फोन-मेसेजवरून सतत संपर्क, आणि खरा किंवा बनावट फोटो माध्यमांत वापरण्याची धमकी हे सगळं येतं; शिक्षा तीन वर्षांपर्यंत. कलम १९ प्रमाणे असा गुन्हा झाल्याचं ज्याला कळलं त्याने विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि कलम २१ प्रमाणे न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. 'आधी शाळेत चौकशी करू, खात्री पटली तर कळवू' ही पायरी कायद्यात नाही. सद्भावनेने कळवणाऱ्याला संरक्षण आहे, आणि तक्रार चुकीची निघाली तरी ती करणाऱ्या मुलाला किंवा मुलीला शिक्षा होत नाही.

पालक पोलिसांचं नाव काढताच घाबरतात, म्हणून त्यांना पुढची पद्धत सांगावी. मुलीचा जबाब तिच्या घरी किंवा तिला हव्या त्या ठिकाणी घेतला जातो, शक्यतो उपनिरीक्षक किंवा वरच्या दर्जाच्या महिला अधिकाऱ्याकडून, गणवेश न घालता, आणि आईवडील किंवा तिच्या विश्वासाच्या माणसासमोर. कुठल्याही मुलाला किंवा मुलीला रात्री पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही. ओळख उघड करणं गुन्हा आहे. तक्रारदार मुलीची आणि आरोप असलेल्या मुलाची, दोघांचीही. प्रत्येक ठाण्यात बाल कल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असतो, त्याचं नाव आणि ठाण्याचा नंबर नोंदवहीच्या पहिल्या पानावर आधीच लिहून ठेवा. महिला व मुलांच्या मदतीसाठी असलेले नागपूर शहर पोलिसांचे भरोसा सेल आणि दामिनी पथक यांचे चालू नंबरही तिथेच.

मुलाच्या पालकांना वेगळी भीती असते: पोराचं आयुष्य बरबाद होईल. त्यांनाही खरं सांगा. अठराच्या आतल्या मुलाचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं. सात वर्षांहून कमी शिक्षेच्या प्रकरणात, त्यात मोठं कुणी सामील नसेल तर, पोलीस एफआयआर न करता ठाणे दैनंदिनीत नोंद घेतात आणि मुलाचा सामाजिक अहवाल तयार करतात. त्याला बेडी घालता येत नाही, कोठडीत टाकता येत नाही. शाळेनं मात्र त्याच दिवशी बदल करायचा तो मुलाच्या बाजूनं. बाक त्याचा बदलायचा, स्कूल व्हॅन त्याची बदलायची, सुटण्याची वेळ त्याची दहा मिनिटं पुढे-मागे करायची. मुलीची तुकडी बदलणं सोपं वाटतं आणि बहुतेक वेळा तेच केलं जातं, पण त्यातून वर्गाला कळतं की बोललं की जागा सोडावी लागते. आठवीपर्यंत शिक्षण हक्क कायद्यानुसार मुलाला शाळेतून काढता येत नाही आणि मारताही येत नाही. त्या वरच्या वर्गांतही नुसता दाखला हातात दिला, तर तो तेच पुढच्या शाळेत घेऊन जातो.

फोटोचं प्रकरण असेल तर घाईत शाळाच गुन्ह्यात अडकू शकते. अल्पवयीन मुलीचा अश्लील फोटो, मॉर्फ केलेला असला तरी, 'पुरावा म्हणून' आपल्या फोनवर घेऊ नका आणि कुणाला पाठवू नका. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ ब मध्ये अशी सामग्री पाठवणं, जमा करणं, शोधणं हे सगळं येतं, आणि २३ सप्टेंबर २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ती जवळ बाळगण्याबाबतही कडक भूमिका घेतली आहे. लिहून ठेवायचं ते खात्याचं नेमकं नाव, लिंक, तारीख, वेळ, आणि कुणी कुणी पाहिल्याचं सांगितलं. धमकीच्या मजकुराचे स्क्रीनशॉट चालतात. स्नॅपचॅटवर स्क्रीनशॉट घेतल्याचं समोरच्याला कळतं, म्हणून मजकुराचा फोटो दुसऱ्या फोनने काढा. पोलिसांना कळवण्याआधी मुलीला खातं उडवायला लावू नका. तिच्या बाजूचा पुरावा त्यातच असतो.

फोटो पसरू नये म्हणून 'टेक इट डाउन' ही मोफत सेवा उपयोगी आहे. अठराच्या आत असताना काढलेल्या फोटोसाठी ती आहे. फोटो अपलोड होत नाही. मुलीच्याच फोनवर त्याचा अंकी ठसा तयार होतो आणि इन्स्टाग्राम, फेसबुक, स्नॅपचॅट यांसारख्या सहभागी कंपन्या तो ठसा जुळला की फोटो अडवतात. तिची मर्यादा मोठी आहे: व्हॉट्सॲपसारख्या कूटबद्ध गप्पांत ती पोचत नाही, आणि फोटो कापला किंवा त्यावर काही चिकटवलं तर ठसा बदलू शकतो. म्हणून प्रत्येक आवृत्तीचा ठसा वेगळा द्यावा.

हेल्पलाइनच्या पाट्या लावताना क्रमांक उगाच भाराभर लिहिले जातात. १०९८ ही मुलांची, चोवीस तास, मोफत. २०२३ पासून ती महिला व बालविकास यंत्रणेमार्फत चालते. जीवाला धोका असेल तर ११२. मन खचलं असेल तर टेलि-मानसचा १४४१६. १९३० वर फोटोच्या तक्रारीसाठी फोन करणारे पुष्कळ असतात, पण तो मुख्यतः पैशांच्या ऑनलाइन फसवणुकीसाठी आहे. फोटोसाठी राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरचा महिला व बालकांसंबंधीचा विभाग वापरावा, तिथे नाव न देताही तक्रार करता येते. पाटीवर १०९८, ११२, १४४१६ आणि हे पोर्टल एवढे चारच पुरेत, आणि पाटी स्वच्छतागृहाच्या दाराच्या आतल्या बाजूला. तिथे नंबर लिहून घेताना कुणी पाहत नाही.

विदर्भातल्या शाळा उन्हाळ्यानंतर जूनच्या अखेरीस उघडतात. त्या सुट्टीत आणि दिवाळीत पेटी बंद पडते, धमक्या फोनवर चालूच राहतात. सुट्टी लागण्याच्या दिवशी फटीवर कागद चिकटवून त्यावर १०९८ लिहा, नाहीतर मे महिन्यात आत पडलेली चिठ्ठी जूनअखेरीपर्यंत कुणी वाचणार नाही. शाळा उघडल्यावर पहिल्या सकाळी पेटी उघडायची, कुलपात तेलाचा थेंब, गंज दिसला तर पॉलिश पेपर आणि रंग.

पेटी खरंच चालते का हे पाहायला पालक-शिक्षक संघानं महिन्यातून एकदा एक चाचणी चिठ्ठी टाकावी. दिवस कोणता ते शाळेला सांगायचं नाही, क्रमांक आपल्याकडे ठेवायचा. मजकूर साधा: 'वॉटर कूलरजवळचा दिवा बंद आहे.' मग फलकावर तो क्रमांक कधी येतो ते पाहायचं. दुसऱ्या दिवशी आला तर पेटी ठीक. चौथ्या दिवशीही नाही आला, तर नोंदवही मागवा आणि दोन्ही किल्ल्या सध्या कुणाच्या खिशात आहेत ते विचारा.